मदरबोर्डवरील फर्मवेअरचे अद्ययावतीकरण आणि नव्या प्रोसेसरची स्वीकृती : एक ऐतिहासिक अभ्यास (१९८१ ते २०२२)

सारांश

जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर चालेल की नाही, हे केवळ सॉकेटच्या आकारावरून ठरत नाही. बोर्डवरील एका लहान चिपमध्ये साठवलेल्या फर्मवेअरला तो प्रोसेसर ओळखता यावा लागतो. ही चिप प्रारंभी कारखान्यातच कायमची कोरलेली असे. पुढे ती पुसून पुन्हा लिहिता येऊ लागली. या बदलामुळे संगणकाचे आयुष्य वाढवण्याची शक्यता निर्माण झाली, परंतु ते वाढवायचे की नाही हा निर्णय उत्पादकाच्या हाती एकवटला. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराचा आढावा घेतला असून एएमडी कंपनीच्या एएम ४ या सॉकेटचा २०१६ ते २०२२ या काळातील इतिहास विशेष उदाहरण म्हणून अभ्यासला आहे.

बीजसंज्ञा : बायोस, फर्मवेअर, मदरबोर्ड, प्रोसेसर, मायक्रोकोड, फ्लॅश मेमरी, ग्राहकहक्क.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्रांच्या शोधांची नोंद विपुल प्रमाणात आढळते. यंत्रे कालबाह्य कशी झाली, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. एखादे यंत्र झिजल्यामुळे निकामी होते, तर एखादे सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरते. वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत दुसरा प्रकार अधिक दिसून येतो. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील यंत्रे पाच-सहा वर्षांत मंद वाटू लागतात. अशा वेळी संपूर्ण संच बदलण्याऐवजी केवळ प्रोसेसर बदलून काम भागेल काय, हा प्रश्न तांत्रिक तर आहेच, शिवाय तो आर्थिक आणि पर्यावरणीयही आहे. या प्रश्नाचे उत्तर ज्या घटकावर अवलंबून असते, तो म्हणजे मदरबोर्डवरील फर्मवेअर होय.

वीजप्रवाह सुरू होताच प्रोसेसर एका ठरावीक पत्त्यावरील सूचना वाचू लागतो. त्या सूचना म्हणजेच बायोस, किंवा आजच्या परिभाषेत फर्मवेअर. बोर्डवर कोणता प्रोसेसर आहे, त्याला किती विद्युतदाब द्यावयाचा, मेमरीशी त्याचा संवाद कसा जुळवायचा, ही सर्व कामे हा लहानसा कार्यक्रम करतो. त्याच्याजवळ त्या प्रोसेसरची माहितीच नसेल, तर सॉकेटमध्ये चपखल बसलेला प्रोसेसरही निर्जीव राहतो. पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) बायोस साठवणाऱ्या चिपच्या स्वरूपात झालेल्या बदलांचा मागोवा घेणे.
२) नव्या प्रोसेसरला आधार देण्यासाठी फर्मवेअर बदलणे आवश्यक का ठरले, हे स्पष्ट करणे.
३) तांत्रिक मर्यादा आणि व्यापारी निर्णय यांचा परस्परसंबंध एएम ४ सॉकेटच्या उदाहरणावरून तपासणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक आणि विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची व्याप्ती टेबलावरील वैयक्तिक संगणकांपुरती आणि इंटेल व एएमडी या दोन उत्पादकांच्या प्रोसेसरांपुरती मर्यादित आहे. लॅपटॉप व भ्रमणध्वनी यांचा विचार येथे केलेला नाही.

कोरलेल्या बायोसचा काळ

‘बायोस’ ही संज्ञा गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास आपल्या सीपी/एम या कार्यप्रणालीच्या संदर्भात रूढ केली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील बायोस अवघ्या ८ किलोबाइटचा होता आणि तो रॉम चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला होता. त्यात बदल करावयाचा तर चिपच बदलावी लागे.

या व्यवस्थेची मर्यादा फार लवकर उघड झाली. आयबीएमच्या पहिल्या दोन बायोस आवृत्त्यांना ५४४ किलोबाइटपेक्षा अधिक मेमरी ओळखता येत नव्हती, तसेच विस्तारकार्डांवरील स्वतंत्र रॉम शोधण्याची सोयही त्यांत नव्हती. ऑक्टोबर १९८२ च्या आवृत्तीत या दोन्ही उणिवा दूर झाल्या. परंतु ज्यांनी आधीच संगणक घेतला होता, त्यांना हार्डडिस्कसारखे नवे उपकरण जोडण्यापूर्वी जुनी चिप उपसून तिच्या जागी नवी बसवणे भाग होते. यंत्राची क्षमता त्याच्या सुट्या भागांवर अवलंबून नसून ते भाग ओळखणाऱ्या कार्यक्रमावर अवलंबून असते, याचा हा पहिला ठळक दाखला मानता येईल.

आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत बायोसची संहिता छापली होती. मात्र तिच्यावर स्वामित्वहक्क राखून ठेवला होता. कॉम्पॅक कंपनीने १९८२ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या संगणकासाठी ती संहिता न वाचलेल्या अभियंत्यांकडून समान कार्य करणारा बायोस नव्याने लिहवून घेतला. फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने १९८४ मध्ये असाच बायोस इतर उत्पादकांना विकण्यास प्रारंभ केला. १९८५ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत सुब्रमोनियन शंकर या मूळ भारतीय अभियंत्याचा समावेश होता. अशा रीतीने प्रोसेसर एकाचा, बोर्ड दुसऱ्याचा आणि बायोस तिसऱ्याचा अशी श्रमविभागणी रूढ झाली. त्यातून संगणक स्वस्त झाले, हे खरे. परंतु नवा प्रोसेसर जुन्या बोर्डवर चालवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्नही याच श्रमविभागणीतून जन्माला आला.

पुसता येणाऱ्या चिपचे आगमन

इंटेलमधील डोव्ह फ्रोहमन यांनी १९७१ मध्ये शोधलेल्या ईप्रॉम चिपवरील मजकूर अतिनील प्रकाशाने पुसता येत असे. त्यासाठी चिपच्या पाठीवर काचेची लहान खिडकी असे, आणि काम झाल्यावर तिच्यावर कागदी पट्टी चिकटवलेली असे. तथापि चिप बोर्डवरून काढून स्वतंत्र यंत्रात घालावी लागत असल्याने हे काम सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात नव्हते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरीची संकल्पना मांडली आणि १९८८ मध्ये इंटेलने या प्रकारच्या चिप बाजारात आणल्या. १९९० च्या दशकात मदरबोर्डवर फ्लॅश चिप सर्रास दिसू लागली. आता फ्लॉपीवर आणलेली नवी आवृत्ती घरबसल्या चिपवर उतरवणे शक्य झाले.

या सोयीबरोबर दोन धोकेही आले. पहिला धोका अर्धवट लेखनाचा. लेखन चालू असताना वीज गेली, तर जुना बायोस पुसलेला आणि नवा अपूर्ण, अशी अवस्था होऊन बोर्ड निकामी होई. २००० च्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन नित्याचे होते. तेथे यूपीएसशिवाय हे काम करणे म्हणजे बोर्ड पणाला लावण्यासारखेच होते. दुसरा धोका दुष्ट हेतूचा. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने आशियातील अनेक देशांतील संगणकांत हार्डडिस्कवरील माहिती नष्ट केली आणि काही विशिष्ट चिपसेटच्या बोर्डांवरील बायोसही पुसून टाकला. जे मालकाला लिहिता येते ते इतरालाही लिहिता येते, हा धडा उत्पादकांनी त्यातून घेतला. पुढील काळात फर्मवेअरवर लेखनसंरक्षण आणि अंकीय स्वाक्षरीची बंधने वाढत गेली. सुरक्षिततेसाठी आवश्यक असलेल्या या बंधनांमुळे फर्मवेअरमध्ये स्वतः बदल करण्याची मालकाची मोकळीकही आकसली.

मायक्रोकोड आणि प्रोसेसरची ओळख

१९९४ मध्ये अमेरिकेतील लिंचबर्ग महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक आढळली. आपल्याला अचूकतेची गरज असल्याचे दाखवून देणाऱ्या ग्राहकालाच प्रोसेसर बदलून मिळेल, अशी इंटेलची प्रारंभीची भूमिका होती. लोकक्षोभानंतर डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीने ती सोडून दिली आणि मागेल त्याला नवा प्रोसेसर देण्याचे मान्य केले. त्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च आपल्या हिशेबात दाखवला.

नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेल्या पेंटियम प्रो या प्रोसेसरमध्ये अंतर्गत सूचनासंच, म्हणजेच मायक्रोकोड, दुरुस्त करण्याची सोय होती. ही दुरुस्ती प्रोसेसरमध्ये कायम राहत नाही. वीज जाताच ती नाहीशी होते. म्हणून प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना बायोसने ती प्रोसेसरला पुरवावी, अशी पद्धत पडली. परिणामी बायोसला आपण सांभाळत असलेल्या प्रत्येक प्रोसेसरसाठी मायक्रोकोडचा एक गठ्ठा जवळ बाळगावा लागू लागला. नव्या प्रोसेसरला ‘आधार देणे’ याचा व्यावहारिक अर्थ येथून निश्चित झाला : त्याची ओळख, त्याचा मायक्रोकोड आणि त्याला कार्यान्वित करणारी संहिता चिपमध्ये समाविष्ट करणे.

दरम्यान बायोसचे स्वरूपही पालटत होते. इंटेलने आपल्या आयटेनियम प्रोसेसरसाठी विकसित केलेली ईएफआय ही रचना २००५ मध्ये स्थापन झालेल्या उद्योगसमूहाकडे सुपूर्द झाली आणि यूईएफआय या नावाने सर्वत्र पसरली. माउसने चालणारे रंगीत पडदे, चित्रे, जाळ्याशी जोडणी अशा सोयींमुळे ८ किलोबाइटचा कार्यक्रम अनेक मेगाबाइटचा झाला. चिपमधील जागेसाठी आता प्रोसेसरांची माहिती आणि पडद्याची शोभा यांच्यात स्पर्धा सुरू झाली. या स्पर्धेचे परिणाम पुढे एएम ४ च्या बाबतीत दिसून आले.

एकच आकार, दोन धोरणे

नव्या प्रोसेसरसाठी बोर्ड बदलावा लागणे हे अनेकदा खरोखरच अपरिहार्य असते. मेमरीचा प्रकार बदलतो, विद्युतपुरवठ्याची गरज वाढते, पिनांची मांडणी बदलते. प्रश्न उद्भवतो तो सीमारेषेवरील उदाहरणांत.

इंटेलच्या सहाव्या पिढीसाठी २०१५ मध्ये आलेल्या १०० मालिकेच्या बोर्डांवर सातव्या पिढीचे प्रोसेसर केवळ बायोस अद्ययावत करून चालले. मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीसाठी ३०० मालिकेचा नवा बोर्ड अनिवार्य करण्यात आला. सॉकेटमधील संपर्कबिंदूंची संख्या तीच, म्हणजे ११५१, होती. वाढलेल्या गाभ्यांना पुरेशी वीज मिळावी म्हणून काही पिनांची कामे बदलली आहेत, असे इंटेलचे स्पष्टीकरण होते. ते निराधार नव्हते. तरीही २०१८ मध्ये हौशी तंत्रज्ञांनी बायोसमध्ये फेरफार करून जुन्या बोर्डांवर आठव्या पिढीचे काही प्रोसेसर चालवून दाखवले. जे सरसकट अशक्य म्हणून सांगितले गेले, ते निदान काही प्रोसेसरांपुरते शक्य होते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

एएमडीने याच्या उलट धोरण स्वीकारले. १३३१ पिनांचे एएम ४ सॉकेट २०१६ मध्ये आले आणि २ मार्च २०१७ रोजी त्यावर रायझन मालिकेचे पहिले प्रोसेसर विक्रीस आले. हे सॉकेट २०२० पर्यंत चालू राहील, असे कंपनीने जाहीर केले. या आश्वासनाचा ग्राहकांनी घेतलेला अर्थ असा की, आज घेतलेल्या बोर्डवर २०२० पर्यंतचे प्रोसेसर चालतील. वस्तुतः आश्वासन सॉकेटविषयी होते. विशिष्ट बोर्डाविषयी किंवा चिपसेटविषयी नव्हते. पुढील वादाचे बीज या फरकात होते.

पहिली अडचण फेब्रुवारी २०१८ मध्ये उद्भवली. रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २४००जी हे अंतर्गत ग्राफिक्स असलेले, माफक किमतीचे प्रोसेसर बाजारात आले. दुकानांत असलेल्या बोर्डांवरील फर्मवेअर मात्र त्यापूर्वीचे होते. फर्मवेअर बदलण्यासाठी संगणक सुरू व्हायला हवा आणि संगणक सुरू होण्यासाठी फर्मवेअर बदललेले हवे. पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तशी ही अवस्था होती. यावर उपाय म्हणून एएमडीने पात्र ग्राहकांना एक जुना प्रोसेसर टपालाने उसना देण्याची योजना राबवली. ग्राहकाने तो बसवून फर्मवेअर अद्ययावत करायचे आणि प्रोसेसर परत पाठवायचा. नव्या प्रोसेसरसाठी सज्ज असलेल्या बोर्डांच्या खोक्यांवर तशा चिठ्ठ्याही लागू लागल्या. प्रोसेसर न बसवता केवळ पेनड्राइव्हच्या साहाय्याने फर्मवेअर बदलण्याची सोय काही बोर्डांवर होती. परंतु ती बहुधा महाग बोर्डांवर असे. ज्याने पैसे वाचवण्यासाठी स्वस्त बोर्ड घेतला त्यालाच ही अडचण सर्वाधिक भोवली, ही बाब लक्षणीय आहे.

जागेचा प्रश्न : २०१९ ते २०२२

जुलै २०१९ मध्ये रायझन ३००० मालिका आली, तेव्हा चिपच्या जागेचा प्रश्न उघड झाला. त्या काळातील बहुतांश बोर्डांवर १६ मेगाबाइटची फ्लॅश चिप होती. एएम ४ वरील प्रोसेसरांची यादी मात्र लांबतच चालली होती आणि प्रत्येक पिढीसाठी एएमडीकडून मिळणाऱ्या एजेसा या मूलसंहितेचा भार वाढत होता. एमएसआय या बोर्डनिर्मात्या कंपनीने काही बोर्डांवर रंगीत पडद्याच्या जागी साधा पडदा दिला आणि काही जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला. त्याचबरोबर ३२ मेगाबाइटची चिप असलेले ‘मॅक्स’ नावाचे सुधारित बोर्ड आणले.

७ मे २०२० रोजी एएमडीने जाहीर केले की, येणारे झेन ३ रचनेचे प्रोसेसर केवळ ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालतील. कारण म्हणून फ्लॅश चिपच्या अपुऱ्या जागेकडे बोट दाखवण्यात आले. या निर्णयाने मोठी नाराजी पसरली, आणि तिला सबळ आधार होता. माफक किमतीचा बी ५५० बोर्ड तोवर बाजारात आलाच नव्हता. तो जून २०२० मध्ये आला. त्यामुळे मधल्या वर्षभरात रायझन ३००० घेणाऱ्या सामान्य ग्राहकापुढे महागडा एक्स ५७० किंवा जुना बी ४५० हेच प्रमुख पर्याय होते. ज्याने बी ४५० घेतला, त्याचा बोर्ड काही महिन्यांतच पुढील पिढीसाठी बाद ठरणार होता. शिवाय ३२ मेगाबाइट चिपचे ४०० मालिकेतील बोर्डही या निर्णयातून सुटले नव्हते. जागेची सबब त्यांना लागू होत नसताना ते वगळले गेले, याकडे टीकाकारांनी लक्ष वेधले.

अवघ्या बारा दिवसांनी, १९ मे २०२० रोजी, कंपनीने भूमिका बदलली. बी ४५० आणि एक्स ४७० बोर्डांसाठी चाचणी स्वरूपाचे फर्मवेअर देण्याचे मान्य करण्यात आले. त्यासाठी काही अटी होत्या : नवे फर्मवेअर घेतल्यावर अनेक जुन्या प्रोसेसरांचा आधार नाहीसा होईल आणि मागे फिरता येणार नाही. रायझन ५००० मालिका ५ नोव्हेंबर २०२० रोजी आली आणि २०२१ च्या प्रारंभापासून ४०० मालिकेच्या बोर्डांना तिचा आधार मिळू लागला.

३०० मालिकेचे बोर्ड मात्र अद्याप अधिकृतपणे बाहेरच होते, जरी त्यांतील काही निवडक बोर्डांसाठी तसे फर्मवेअर तोवर बाहेर आले होते. मार्च २०२२ मध्ये एएमडीने त्यांनाही रायझन ५००० चा आधार देण्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये घेतलेल्या बोर्डवर २०२२ मधील प्रोसेसर बसवण्याचा मार्ग अशा रीतीने मोकळा झाला.

विश्लेषण

या घटनाक्रमाचे परीक्षण केल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते. १६ मेगाबाइटची मर्यादा खोटी नव्हती. चिपमध्ये सर्वांना जागा नव्हती, हे सत्यच होते. परंतु २०२२ मध्ये जुन्या बोर्डांवरील चिप मोठी झाली नव्हती. ती तेवढीच होती. बदलला तो यादीत कोणाला ठेवायचे आणि कोणाला वगळायचे याविषयीचा निर्णय. जागा अपुरी असणे ही तांत्रिक वस्तुस्थिती होय. त्या अपुऱ्या जागेत जुन्या प्रोसेसराऐवजी नवा घ्यावा की जुना बोर्डच बाद ठरवावा, हा निवडीचा प्रश्न होय. पहिल्या गोष्टीचे कारण देऊन दुसरी झाकली जाते, तेव्हा ग्राहकाला निवड असल्याचे कळतही नाही.

उत्पादकाची बाजूही येथे विचारात घ्यावी लागते. प्रत्येक जोडीची चाचणी घेण्यास मनुष्यबळ व पैसा लागतो. स्वस्त बोर्डांचा विद्युतपुरवठा अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरला पेलेलच असे नाही. चुकीच्या अद्ययावतीकरणाने बोर्ड बंद पडला तर दुरुस्तीचा भार दुकानदार व बोर्डनिर्माता यांच्यावर येतो. फर्मवेअर विनामूल्य दिले जाते, तर नवा बोर्ड विकला जातो. त्यामुळे बोर्डनिर्मात्याला जुना बोर्ड जिवंत ठेवण्यात आर्थिक लाभ फारसा नाही. ही विसंगती कोणा एका कंपनीच्या वृत्तीची नसून १९८० च्या दशकात रूढ झालेल्या श्रमविभागणीची आहे.

१९९४ आणि २०२० या दोन प्रसंगांतील साम्यही नोंद घेण्याजोगे आहे. दोन्ही वेळी कंपनीने प्रथम मर्यादित भूमिका घेतली आणि संघटित लोकमतापुढे ती बदलली. मात्र संघटित होण्यासाठी माहिती असावी लागते. फर्मवेअर म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, तो ग्राहक आपला बोर्ड बाद झाला असे समजून नवा घेतो. सुट्या भागांपासून जुळवलेले संगणक मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या भारतासारख्या देशात या अज्ञानाची किंमत विशेष आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट तयार करण्यासाठी समिती नेमली, हे या दृष्टीने योग्य दिशेचे पाऊल होय. तथापि दुरुस्तीच्या हक्काचा विचार सुट्या भागांपुरता सीमित राहिला, तर फर्मवेअरचा प्रश्न अनुत्तरितच राहील.

निष्कर्ष

१) कोरलेल्या रॉमकडून फ्लॅश चिपकडे झालेल्या प्रवासाने मदरबोर्डाचे आयुष्य वाढवण्याची तांत्रिक शक्यता निर्माण केली.
२) १९९५ नंतर मायक्रोकोड पुरवण्याचे काम फर्मवेअरकडे आल्याने नव्या प्रोसेसरची स्वीकृती सॉकेटपेक्षा फर्मवेअरवर अधिक अवलंबून राहू लागली.
३) एएम ४ च्या उदाहरणात तांत्रिक मर्यादा वास्तव होती, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष अपरिहार्य नव्हता, हे २०२० व २०२२ मधील निर्णयबदलांनी दाखवून दिले.
४) अद्ययावतीकरणातील अडथळ्यांचा भार प्रामुख्याने कमी किमतीचे बोर्ड घेणाऱ्या ग्राहकावर पडला.
५) शैक्षणिक संस्थांनी संगणक खरेदी करताना निविदेत सॉकेटच्या नावाबरोबरच फर्मवेअर चिपची क्षमता, प्रोसेसरशिवाय फर्मवेअर बदलण्याची सोय आणि फर्मवेअर पुरवठ्याचा कालावधी यांचा स्पष्ट उल्लेख मागणे हिताचे ठरेल.

समारोप

सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीने एएम ५ हे नवे सॉकेट आणले आणि त्याच्या आयुर्मानाविषयीही आश्वासन दिले. जुलै २०२४ मध्ये, एएम ४ साठीही नवे प्रोसेसर विक्रीस आले. म्हणजे बाद होण्याची वेळ आलेल्या सॉकेटला त्यानंतरही मागणी टिकून होती. यंत्राचे आयुष्य किती, हे धातू आणि सिलिकॉन ठरवतात, असा सर्वसाधारण समज आहे. उपरोक्त इतिहास पाहता, नखाएवढ्या चिपमध्ये कोणाचे नाव लिहिले जाते आणि कोणाचे खोडले जाते, यावरही ते तितकेच ठरते, असे म्हणावे लागते. ते नाव खोडले जात असताना मालकाला कारण विचारता यावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.